उड्डाणोत्तर अपघात, लहान मालवाहू विमानांचे
धावपट्टी सोडल्यानंतर आरंभीची चढण पूर्ण होण्याआधीच मालवाहू विमान कोसळण्याच्या घटना या नोंदीत विचारात घेतल्या आहेत. ‘लहान’ या शब्दाची सर्वमान्य मर्यादा नाही. येथे स्थूलमानाने उड्डाणावेळी एकूण ५,७०० किलोग्रॅमपर्यंत वजनाची, सेसना २०८ सारखी विमाने अभिप्रेत आहेत. एंजिन बंद पडणे, पंखांवर बर्फ साचणे, अतिभार, भाराची चुकीची मांडणी आणि नियंत्रण-यंत्रणेतील बिघाड ही मुख्य कारणे होत. या टप्प्यात वेग स्टॉलच्या (पंखांची उचल नाहीशी होण्याच्या) मर्यादेपेक्षा थोडाच अधिक व उंची अत्यल्प असल्याने चूक सावरण्यास वाव उरत नाही.

यांपैकी सर्वाधिक मतभेद भाराविषयी आहेत. गुरुत्वमध्य (विमानाचे वजन जेथे समतोल राहते तो बिंदू) ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला की नाक आपोआप वर उचलले जाते आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरील हलती फळी) पूर्ण खाली वळवूनही ते दबत नाही. माल बांधलेला नसेल तर नाक वर होताच तो मागे घसरतो आणि दोष वाढतच जातो. म्हणून अशा अपघातांना सरसकट ‘माल सरकला’ असे म्हटले जाते. परंतु मुळातच चुकीची मांडणी आणि हवेत प्रत्यक्ष सरकणे यांत भेद करणे अधिक ग्राह्य वाटते. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामी येथे कोसळलेल्या फाइन एअरच्या डीसी-८ विमानाबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्यतः पहिला प्रकार मानला: भाराच्या मांडणीमुळे गुरुत्वमध्य अपेक्षेपेक्षा मागे गेला होता आणि त्यामुळे शेपटीचे ट्रिमही (समतोलासाठी आधीच ठरवलेला आडव्या शेपटीचा कोन) चुकीचे ठरले. २९ एप्रिल २०१३ रोजी बगराम येथे नॅशनल एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ मध्ये अवजड लष्करी वाहन खरोखरच सुटले; तथापि विमान अनियंत्रित झाले ते त्या वाहनाने हायड्रॉलिक (द्रवदाबावर चालणाऱ्या) प्रणाल्या आणि आडव्या शेपटीची चालनयंत्रणा निकामी केल्यामुळे.

याहून बोधक घटना १६ फेब्रुवारी २००० ची आहे. सॅक्रामेंटोजवळील मॅदर विमानतळावरून निघालेल्या एमरी वर्ल्डवाइडच्या डीसी-८ विमानातील वैमानिकांनी गुरुत्वमध्याची तीव्र अडचण असल्याचे कळवले होते. तपासाअंती मात्र उजव्या एलेव्हेटरच्या नियंत्रण-टॅबची (एलेव्हेटर वळवणाऱ्या, त्याच्या कडेवरील छोट्या फळीची) जोडणी सुटल्याचे निष्पन्न झाले. तिचा बोल्ट देखभालीत नीट पक्का केलेला नव्हता. विमानातील तिघेही कर्मचारी मृत्युमुखी पडले. नियंत्रणातील बिघाड वैमानिकाला हुबेहूब भारदोषासारखा जाणवू शकतो, हे यावरून दिसते.

वरील तिन्ही उदाहरणे मोठ्या विमानांची आहेत. लहान मालवाहू विमानांपैकी अनेकांवर उड्डाण-नोंदयंत्र बंधनकारक नसते, त्यामुळे तेथे अवशेष, भारपत्रक आणि रडारच्या नोंदी यांवरच विसंबावे लागते. बर्फाबाबत मात्र नियम स्पष्ट आहेत: सेसना २०८ च्या अपघातांनंतर अमेरिकेत थंड हवामानात उड्डाणापूर्वी पंखांचा पृष्ठभाग केवळ पाहून नव्हे, तर हाताने चाचपून तपासणे सक्तीचे झाले, कारण पातळ पारदर्शक बर्फ डोळ्यांना सहसा दिसत नाही.