परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे का लागतात?

"नागपूरला मी एकदाच गेलो, मग बिल दोन फेऱ्यांचं कसं?" चार्टरचं, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या विमानाचं, बिल हातात पडलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तच आहे.

आमचं किंग एअर बी200 विमान मुक्कामाला पुण्यात असतं. नागपूरला जायला साधारण दीड तास, तुम्हाला सोडून परतायला आणखी दीड. आत कुणी बसलेलं असो वा नसो, दोन्ही इंजिनं मिळून तासाला साडेतीनशे ते चारशे लिटर इंधन लागतंच. हे इंधन जीएसटीत येत नाही. त्यामुळे त्यावर भरलेल्या व्हॅटची वजावट आम्हाला मिळत नाही. तुमच्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी वेगळा.

इंधनाचा खर्च निदान दिसतो, इंजिनाचा दिसत नाही. 3,600 तास झाले की इंजिन उतरवून पूर्ण ओव्हरहॉलला, म्हणजे सगळं सुटं करून दुरुस्तीला, पाठवायचं, त्याआधी 1,800 तासांना ज्वलनाचा भाग उघडून तपासायचा. एवढी रक्कम ऐनवेळी उभी राहत नाही. म्हणून प्रत्येक तासामागे आम्ही पैसे बाजूला काढतो आणि मंदीतही त्यांना हात लावत नाही.

सगळ्यात जड पडतो तो जमिनीवरचा खर्च. वैमानिकांचे पगार आणि चाचण्या, विमा, हँगर, कर्जाचा हप्ता. विमान महिनाभर जागचं हललं नाही तरी हे द्यावंच लागतं. समजा हा खर्च वर्षाला चार कोटी आहे. विमान 200 तास उडालं तर तासामागे दोन लाख पडतात, 400 तास उडालं तर एकच लाख.

त्याच दिवशी परतणार असाल तर तीच फेरी तुमच्या कामी येते. थांबण्याचा आकार लागतो, पण वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपण्याआधी निघावं लागेल. मुंबईत पार्किंग न मिळाल्यास विमान दुसरीकडे रिकामं न्यावं लागतं, तो खर्च आम्ही आधीच सांगतो. तारीख मागेपुढे चालणार असेल तर जरूर कळवा. आमची रिकामी फेरी त्याच वाटेवर असली तर बरीच स्वस्त पडेल.

कुणी निम्म्या दरात विमान देऊ केलं तर आधी त्याचं नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट, म्हणजे विमान भाड्यानं चालवायचा परवाना, मागा. खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान भाड्यानं देता येत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो. आमचं परमिट ऑफिसात कधीही बघायला मिळेल.

फोन करताना माणसं किती, सामान किती किलो आणि परत कधी यायचं, एवढं सांगा. अनेक छोट्या धावपट्ट्यांवर सूर्यास्तानंतर उतरता येत नाही, त्यामुळे वेळ शक्यतो सकाळची धरा.