कमी पैशात डिफेंडर : ही शोधाशोध इथवर कशी आली

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू घ्यायची-विकायची मुदत, उघडली की आपल्या वणी-वरोऱ्याकडच्या पोट्ट्यांच्या गप्पा स्ट्रायकरवरच, म्हणजे गोल मारणाऱ्यावरच, अडकून राहतात, कोण किती कोटीला गेला, कोणाचं मेडिकल झालं, कोणाचं फिसकटलं. गावच्या टुर्नामेंटमधेही तसंच, कामठीहून एखादा प्लेअर बोलवायचा म्हटलं तं पहिले फॉरवर्डच बोलवतात आणि मागे गावातलाच जो उंच असेल त्याला उभा करतात. पण ज्या क्लबकडे पैसा कमी आहे, जो टेबलात खालून तिसरा-चौथा आहे, त्याचा सीझन बहुतेक वेळा मागचे चार जण, म्हणजे डिफेंडर, वाचवतात. आणि हे चार जण कमी पैशात कसे आणायचे याची आजची जी पद्धत आहे ना, ती खेळातल्या डावपेचांपेक्षा कोर्टाच्या निकालांमुळे जास्त घडली. मले तं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटते.

जुनं थोडक्यात सांगतो. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, पुढच्या खेळाडूच्या आणि गोल लाइनच्या मधे तीनऐवजी दोन विरोधी खेळाडू असले तरी चालायला लागलं, गोल धडाधड व्हायला लागले, मंग मधल्या फळीतल्या हाफला मागे ओढून स्टॉपर, म्हणजे गोलसमोर अडवणारा, बनवलं. तिथून पुढं कित्येक वर्षं डिफेंडर म्हणजे उंच, हेडर मारणारा, बॉल लांब भिरकावणारा माणूस. असे खेळाडू खालच्या डिव्हिजनमधे भरपूर मिळायचे आणि स्वस्तही मिळायचे. १९९२ मध्ये बॅक पासचा नियम आला, आपल्याच माणसानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येईना. १९९० च्या इटलीतल्या वर्ल्ड कपमधे मॅचमागे सरासरी २.२१ गोल झाले होते, खेळ फार रटाळ झाला अशी ओरड होती, त्यातून हे आलं. २०१९ पासून गोल किकचा बॉल आपल्याच बॉक्समधे पायात घेता यायला लागला. या दोन बदलांनी बॉल पायात घेऊन शांत राहणाऱ्या डिफेंडरचा भाव चढला आणि नुसता भिरकावणारा मागे पडला.

आता पैशाचं. १९९० मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या एका मिडफिल्डरचा करार संपला, त्याला फ्रान्समधे डंकर्कला जायचं होतं, पण करार संपला तरी जुना क्लब फी मागतच होता आणि तो अडकून पडला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या कोर्टानं निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूसाठी एका सदस्य देशातून दुसऱ्या सदस्य देशात जाताना फी मागता येणार नाही, आणि युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादाही घालता येणार नाही. हा निकाल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. पुढं २००१ मध्ये फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, फिफानं, नियम नव्यानं लिहिले. खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना भरपाई, देशाबाहेरच्या ट्रान्सफरच्या फीतले ५ टक्के १२ ते २३ वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांना, आणि करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलायची मुभा. यातलीच एक तरतूद अशी की करार केल्यावर काही काळ तो मोडता येत नाही. २८ च्या आत सही केली असेल तं तीन वर्षं, २८ नंतर केली असेल तं दोनच. तो काळ उलटला की खेळाडू भरपाई देऊन निघू शकतो, फक्त सीझनच्या शेवटच्या मॅचनंतर १५ दिवसांत नोटीस द्यायची. याला प्रोटेक्टेड पिरियड म्हणतात.

या तरतुदीची खरी परीक्षा एका डिफेंडरनंच घेतली, आणि ही केस लोक विसरले म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्कॉटलंडचा एक सेंटर बॅक, म्हणजे मधला डिफेंडर, २००१ मध्ये एडिनबर्गच्या क्लबकडे गेला, ७५ हजार पाउंडात. २००३ मध्ये करार वाढवून २००७ पर्यंत नेला. पुढं आणखी वाढवायला तो तयार नव्हता, वाद पेटला, आणि २००६ च्या उन्हाळ्यात तीन वर्षं उलटली तशी त्यानं नोटीस दिली आणि मँचेस्टरजवळच्या एका छोट्या क्लबशी सही केली, जो वर्षभरापूर्वीच पहिल्यांदा वरच्या लीगमधे आला होता. जुन्या क्लबनं ४० लाख पाउंडांच्या वर मागितले, म्हणजे बाजारात त्याची जी किंमत आली असती जवळपास ती. जागतिक संघटनेच्या समितीनं ६ लाख २५ हजार ठरवले. जानेवारी २००८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादानं ते दीड लाखावर आणले, म्हणजे उरलेल्या एका वर्षाचा पगार एवढंच. लवादाचं म्हणणं असं होतं की खेळाडूची किंमत वाढली त्यात त्याची स्वतःची मेहनतही आहे, बाजारभाव द्यायला लावला तं आपण १९९५ च्या आधीच्या काळात परत जाऊ.

या निकालावर मोठ्या क्लबांनी लय आदळआपट केली, फुटबॉल बुडालं म्हणाले. मले तं तो निकाल योग्यच वाटतो. पगार देऊन ठेवलेला माणूस म्हणजे गोदामातला माल नाही. दुसऱ्या बाजूचंही एक खरं आहे, ७५ हजारात घेऊन पाच वर्षं घडवणारा क्लब काही श्रीमंत नव्हता, त्याच्या हाती दीड लाख आले. घेणाऱ्यालाही फार मिळालं नाही, चारेक मॅच खेळला आणि २००७ च्या जानेवारीत लोनवर, म्हणजे उसना, ग्लासगोला गेला. पण दार उघडलं होतं, छोट्या क्लबला २७-२८ चा तयार सेंटर बॅक एका वर्षाच्या पगाराइतक्या पैशात मिळू शकत होता.

ते दार फार दिवस उघडं राहिलं नाही. मे २००९ मध्ये त्याच लवादानं एका ब्राझिलियन मिडफिल्डरच्या केसमधे सुमारे १ कोटी १८ लाख युरोंची भरपाई लावली, बाजारातली किंमत धरून. त्यात नवा क्लबही खेळाडूसोबत जबाबदार. एवढं बिल अंगावर यायची भीती असल्यावर कोणता छोटा क्लब हात घालणार? आणि प्रत्येक नव्या करारानं प्रोटेक्टेड पिरियड परत पहिल्यापासून सुरू होतो, हे क्लबांना कळलं, म्हणून ते दर दोन वर्षांनी करार वाढवायला लागले. मंग बजेटवाल्यांच्या हातात एकच गोष्ट उरली, करार संपायची तारीख. शेवटचं वर्ष लागलं की विकणाऱ्या क्लबचं तसंच होते जसं घरात कापूस पडून आहे आणि मार्चमधे बँकेचं कर्ज भरायचं आहे, व्यापाऱ्याला ते ठाऊक असते.

डिफेंडरच्या बाबतीत हे जास्त का चालते, तं वयामुळे. कडेनं पळणारा विंगर तिशीत मंदावतो, सेंटर बॅक तेव्हा कुठं खेळ वाचायला शिकलेला असतो. २००१ मध्ये मँचेस्टरच्या एका बड्या क्लबनं २९ वर्षांचा आपला डच सेंटर बॅक रोमला विकला. त्याचे टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून बॉल काढणं, कमी झाले म्हणून विकला असं आजही सांगतात, ते कितपत खरं यावर वाद आहे, पण विकणाऱ्या मॅनेजरनं नंतर ती चूक मान्य केली. तो माणूस २००५ ची चॅम्पियन्स लीग फायनल खेळला. टॅकल कमी होणं म्हणजे तो आधीच बरोबर जागी उभा आहे असंही असू शकते, हे समजायला आकडेवारीवाल्यांना बराच वेळ लागला, आणि ज्या छोट्या क्लबांना लवकर समजलं त्यांना स्वस्त माल मिळाला.

दुसरी वाट म्हणजे तरुण घ्यायचा आणि विकायचा. नेदरलँड्सच्या उत्तरेतल्या एका क्लबचा सेंटर बॅक २०१३ मध्ये सुमारे २६ लाख पाउंडात ग्लासगोला गेला, २०१५ मध्ये सव्वा कोटीच्या आसपास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, आणि जानेवारी २०१८ मध्ये ७.५ कोटीला लिव्हरपूलला. पुढच्याच वर्षी ८ कोटीत दुसरा एक गेला. त्यानंतर सगळे स्काउट नेदरलँड्स, बेल्जियम, स्कॉटलंडकडे पळाले आणि तिथंही भाव चढले. इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांची तं २०२१ पासून आणखी अडचण झाली, युरोपियन युनियन सोडल्यावर परदेशी खेळाडूच्या वर्क परमिटसाठी पॉइंट्स लागतात, लहान लीगच्या पोराचे ते भरत नाहीत, १८ च्या आत घेता येत नाही. २०२३ मध्ये पॉइंट्स न भरणाऱ्या काही जणांसाठी वरच्या दोन लीगमधल्या प्रत्येक क्लबला चारपर्यंत जागा दिल्या, तेव्हा थोडी मोकळीक झाली.

आणि आता पुन्हा कोर्ट. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपच्या कोर्टानं एका फ्रेंच मिडफिल्डरच्या केसमधे भरपाईचे हे नियम मुक्त संचाराच्या आणि स्पर्धेच्या कायद्याच्या आड येतात असं सांगितलं. त्याला मॉस्कोचा करार तुटल्यावर बेल्जियमचा एक क्लब घ्यायला तयार होता, पण भरपाईच्या भीतीनं थांबला होता. डिसेंबरमधे तात्पुरते नवे नियम निघाले, त्यात नवा क्लब आपोआप जबाबदार धरला जात नाही, त्यानं खेळाडूला फूस लावली हे सिद्ध व्हावं लागते. म्हणजे २८ नंतर सही केलेला, दोन वर्षं उलटलेला सेंटर बॅक पुन्हा छोट्या क्लबांच्या यादीत येऊ शकतो, आणि येणाऱ्या विंडोंमधे पाहायचं असेल तं त्याच वयाच्या, त्याच टप्प्यावरच्या डिफेंडरांकडे पाहा.