लाल गोळीची पन्नास वर्षं: विदर्भातल्या ॲनिमियाची पार्श्वभूमी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, असल्याचं आढळलं. त्याआधीच्या फेरीत, म्हणजे 2015-16 मध्ये, हेच प्रमाण 48 टक्के होतं. पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा 54 वरून 69 वर गेला. पुरुषांतही पाचातल्या एकाचं रक्त कमी भरलं, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. कोविडमुळे हे झालं असंही म्हणता येत नाही, कारण आपल्या राज्यातली ही पाहणी 2019 मध्येच, टाळेबंदीच्या आधी, उरकली होती.

म्हणजे लोहाची लाल सरकारी गोळी सुरू होऊन पन्नास वर्षं होत आली तेव्हाची ही स्थिती आहे. ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा ॲनिमिया का होतो, याचा शोध तिला घ्यायचा होता. त्यांच्या आहारातच काहीतरी कमी पडतंय, हे तिने ओळखलं. यीस्टच्या अर्कातून ते मिळतं, हे 1931 मध्ये छापूनही आणलं. तो घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज उपकेंद्रात मिळणाऱ्या गोळीत लोहासोबत जे फॉलिक ॲसिड असतं, त्याची सुरुवात अशी आपल्याच राज्यातल्या कष्टकरी बायकांपासून झाली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण विल्सने आधी बायका काय खातात ते पाहिलं आणि मग औषध शोधलं. पुढे सरकारी कार्यक्रमांत हा क्रम उलटा झाला.

1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 100 मिलिलिटर रक्तामागे हिमोग्लोबिन किमान किती हवं, याच्या सीमा आखून दिल्या: गरोदर नसलेल्या बाईला 12 ग्रॅम, गरोदर बाईला आणि लहान मुलाला 11, पुरुषाला 13. 1970 मध्ये भारत सरकारचा गोळ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. 1991 मध्ये त्याचं नाव बदललं आणि लोहाची मात्रा 60 वरून 100 मिलिग्रॅम झाली. 2018 च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’मध्ये ती पुन्हा 60 वर आली आणि गोळीचे दिवस वाढून 180 झाले.

गावपातळीवर मोजमाप व्हायचं ते साहलीच्या नळीने. काचेच्या बारीक नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्यायचं, त्यात बोटातलं रक्त सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. द्रावण तपकिरी झालं की थेंब थेंब पाणी घालत बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. नळी उजेडाकडे धरून नर्सबाई डोळ्यांनी ठरवायच्या, रंग जुळला की नाही. ढगाळ दिवशी, पन्नास बायका रांगेत असताना, एका ग्रॅमचा फरक सहज पडायचा. आता डिजिटल यंत्रं आली. पण यंत्र जुनं असो की नवं, ते एवढंच सांगतं की हिमोग्लोबिन कमी आहे. का कमी आहे, ते त्याला कळत नाही.

विदर्भात तर हा ‘का’ सोडून पुढे जाताच येत नाही.

पहिलं कारण वावरात आहे. कपाशीच्या पट्ट्यात पूर्वी ज्वारी आणि तूर हमखास असायची, मधल्या ओळींत मूग, उडीद, धुऱ्यावर अंबाडी. सोयाबीन आलं, 2002 नंतर बीटी कापूस आला, आणि ज्वारी मागे पडत गेली. ज्वारी जाऊन गहू आला म्हणून लोह घटलं असं सरसकट म्हणणं मात्र चूक आहे. दोन्हींत लोह साधारण सारखंच असतं. पांढऱ्या तांदळात ते खरंच नगण्य, शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही नाही. खरं नुकसान झालं ते ताटातल्या बाकीच्या गोष्टींचं. डाळ विकत घ्यायची वेळ आली तशी ती पातळ झाली. तणनाशक फवारलेल्या वावरात तरोटा, चिवळ अशा रानभाज्या कशा मिळणार? बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. पोळी, पातळ वरण आणि वर चहा एवढ्यात ते भागत नाही. शिवाय जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा यांनी ते जास्त लागतं.

दुसरं कारण पायाखाली. पावसाळ्यात ओल्या मातीत अनवाणी निंदण करणाऱ्या बाईच्या तळव्यातून हुकवर्मच्या अळ्या शिरतात आणि आतड्यात जाऊन रक्त पितात. गडचिरोलीकडे त्यात मलेरियाची भर. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं बाईच्या वाट्याला, हे आहेच.

गोळी का घेतली जात नाही, याचा दोषही बायकांवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. गोळीने मळमळतं, शौच काळं होतं, पोट साफ होत नाही. बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल, ही भीती कित्येक सासवा बोलून दाखवतात. हे होणारच आहे आणि त्यावर काय करायचं, एवढं शांतपणे सांगायला उपकेंद्रात वेळ कोणाकडे असतो? देशभरात 180 दिवस गोळी घेतलेल्या गरोदर बायका चारातली एक. तरीही, जिथे गोळीचा पाठपुरावा सगळ्यात जास्त होतो त्या गरोदर बायकांमधल्या ॲनिमियाचा आकडा महाराष्ट्रात 49 टक्क्यांवरून 46 वर उतरला. म्हणजे गोळी निरुपयोगी नाही.

पण तिसऱ्या कारणापुढे ती अपुरीच आहे. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी नागपुरातून सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, नोंद प्रसिद्ध केली. भारतातली पहिली नोंद नीलगिरीतली, त्याआधी सहाच वर्षांची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आदिवासी, दलित आणि काही ओबीसी समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी 120 दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांत फुटते. त्याचं रक्त कमी असतं ते बहुधा लोहाअभावी नव्हे. त्याला वर्षानुवर्षं ‘अशक्तपणा आहे, गोळ्या घ्या’ सांगून घरी पाठवलं गेलं, आणि हातपाय ठणकत तो पडून राहिला. त्याच्यातही लोहाची कमतरता असू शकते, पण ते तपासूनच ठरवावं लागतं. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं ते थेट 2023 मध्ये.

2016-18 च्या राष्ट्रीय पोषण पाहणीने मुलांच्या शिरेतलं रक्त घेऊन लोहही तपासलं. त्यात एक ते चार वर्षांच्या 41 टक्के मुलांना ॲनिमिया निघाला आणि 32 टक्क्यांत लोहाची कमतरता. दोन्ही आकडे एक नव्हेत. कुटुंब आरोग्य पाहणीत बोट टोचून आलेल्या आकड्यांबद्दलच्या शंका त्यामुळे वाढल्या, आणि केंद्राने ॲनिमियाची मोजणी शिरेच्या रक्तावर नेण्याचं ठरवलं.

दरम्यान रेशनमधून लोहयुक्त तांदूळ आला. प्रायोगिक जिल्ह्यांत गडचिरोली होता, जिथे सिकलसेल घरोघरी माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी असं अन्न खाऊ नये, अशी सूचना 2018 च्या नियमांनुसार पाकिटावर असायची. रेशनचा तांदूळ मात्र सुटा, पिशवीत ओतून मिळतो. पुढे तज्ज्ञ समितीने सूचनेची गरज नाही असं सांगितलं आणि 2024 मध्ये ती काढण्यात आली. तांदूळ द्यायचाच असेल, तर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची पक्की तपासणी आणि लोहाची तपासणी, दोन्ही त्याच्याआधी पोचायला हव्या होत्या.