कुटुंबाची साथ घेणे आणि कुटुंबाला प्रणाली मानणे

कुटुंबकेंद्रित शुश्रूषेच्या चर्चेत दोन भूमिका सर्रास एकच समजल्या जातात. पहिलीत रुग्ण केंद्रस्थानी असतो आणि घरच्या माणसांचा विचार त्याचा आधार किंवा अडचण म्हणून होतो. दुसरी भूमिका प्रणाली सिद्धांतावर उभी आहे; तिचे लक्ष एकेका माणसापेक्षा त्यांच्यातल्या देवाणघेवाणीवर असते. एक घटक बदलला की बाकीचेही बदलतात, हा जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालान्फी यांच्या मांडणीतला विचार लॉरेन राइट आणि मॉरीन लेही या परिचारिका-अभ्यासकांच्या कॅल्गरी प्रारूपाने (कुटुंबाचे मूल्यमापन करण्याची एक चौकट) १९८४ पासून परिचारिकांच्या हाती दिला.

समजा, टाइप १ मधुमेह असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाची साखर सतत वाढलेली आहे. पहिल्या भूमिकेतली परिचारिका आईला इन्सुलिनचे डोस, सुई टोचण्याची जागा बदलत राहणे, साखर एकदम उतरल्याची लक्षणे हे सारे नीट समजावते आणि मुलावर लक्ष ठेवायला सांगते. हे शिक्षण हवेच. दुसरी परिचारिका मात्र त्यापुढे जाऊन मुलाला विचारते, "साखर तपासलीस का, असं आईनं विचारलं की तू काय करतोस? आणि तू गप्प बसलास की आई काय करते?" उत्तरांतून उलगडते ते असे, की आई जितकी मागे लागते तितका मुलगा ग्लुकोमीटरवरचे आकडे लपवतो आणि तो लपवतो म्हणून आईची धास्ती व तगादा दोन्ही वाढतात. अशा घरात "अजून लक्ष ठेवा" हा सल्ला, कितीही कळकळीने दिलेला असला, तरी याच चक्राला गती देतो. त्याऐवजी आकडे रोज ठरलेल्या वेळी दोघांनी मिळून पाहायचे आणि एरवी आईने विचारायचे नाही, एवढा करार माझ्या मते अधिक उपयोगी ठरतो.

वडील आणि आजी समुपदेशनाला हजर होते, एवढ्याने प्रणालीचा विचार झाला असे होत नाही. उलट एकट्या मुलाशी बोलूनही तो करता येतो.

तोच मुलगा कीटोअॅसिडोसिसने (इन्सुलिन कमी पडल्याने रक्तातले आम्ल धोकादायक वाढण्याने) अत्यवस्थ होऊन दाखल झाला, तर अर्थातच पहिली भूमिका योग्य, कारण तिथे घरच्यांकडून शेवटचा डोस कधी दिला हे तातडीने कळायला हवे. घरात मारहाण होत असेल, तर चक्राची भाषा वापरूच नये. मारणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे मार खाणाऱ्यावरही वाटली जाते.