लीड प्रमाणपत्र: ऊर्जेच्या चार अनिवार्य अटी आणि कमिशनिंगची फाइल

हरित इमारतीचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं की बहुतेक मालक आधी गुणांचा तक्ता उघडतात. सोलरचे इतके, पाण्याचे इतके, झाडांचे इतके; बेरीज साठवर गेली की गोल्ड. लीड या अमेरिकेतल्या हरित इमारत मानांकन पद्धतीत ही बेरीज करण्याआधी काही अनिवार्य अटी पार कराव्या लागतात. या अटींना एकही गुण नाही, पण त्यांतली एक जरी राहिली तरी बाकीच्या गुणांचा उपयोग नाही. ऊर्जेच्या प्रकरणात अशा चार अटी आहेत. त्यांतली कमिशनिंगची, म्हणजे यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालतात का हे तपासण्याची, अट शेवटच्या महिन्यात उरकता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

ही माहिती लीडच्या चौथ्या आवृत्तीतल्या नव्या बांधकामाच्या नियमांवर आधारलेली आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाचवी आवृत्ती आली. प्रकल्प ज्या आवृत्तीत नोंदला गेला, तिचेच नियम त्याला लागतात. त्यामुळे कन्सल्टंटला पहिला प्रश्न हाच विचारा: आपली नोंदणी कोणत्या आवृत्तीत आहे?

पात्रता

इमारत कायमस्वरूपी जमिनीवर हवी. हलवता येणारी कॅबिन चालत नाही. एकूण बांधीव क्षेत्र किमान १,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर हवं. प्रकल्पाची हद्द प्रामाणिकपणे आखलेली हवी. गैरसोयीचं पार्किंग किंवा मागचा युटिलिटी ब्लॉक हद्दीबाहेर दाखवता येत नाही. प्रमाणपत्र मिळेपर्यंत किमान ६० टक्के क्षेत्र पूर्ण झालेलं असावं. भाडेकरू आपापलं इंटिरियर नंतर करणार असतील आणि ४० टक्क्यांहून जास्त जागा कच्चीच राहणार असेल, तर अर्ज ‘कोअर अँड शेल’ (फक्त सांगाडा आणि सामाईक यंत्रणा) प्रकारात करावा लागतो. एकूण ११० गुणांपैकी ४० ला साधं प्रमाणपत्र, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड आणि ८० ला प्लॅटिनम मिळतं.

ऊर्जेच्या चार अटी

पहिली अट मूलभूत कमिशनिंगची. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो.

दुसरी अट किमान ऊर्जा कार्यक्षमतेची. बहुतेक मोठे प्रकल्प संगणकावर संपूर्ण इमारतीचं ऊर्जा मॉडेल करून ती दाखवतात. एक मॉडेल तुमच्या प्रत्यक्ष डिझाइनचं आणि दुसरं तुलनेसाठी, ॲशरे या अमेरिकी अभियंता संस्थेच्या ९०.१ या ऊर्जा मानकाच्या २०१० च्या आवृत्तीतल्या परिशिष्ट ‘जी’नुसार. तुलनेची इमारत चारही दिशांना फिरवून तिची सरासरी काढतात, म्हणजे तुमच्या आर्किटेक्टने खिडक्या उत्तरेकडे ठेवल्या असतील तर त्याचं श्रेय मिळतं. चौथ्या आवृत्तीच्या मूळ नियमांनुसार नव्या इमारतीला किमान ५ टक्के, मोठ्या नूतनीकरणाला ३ टक्के आणि कोअर अँड शेलला २ टक्के बचत दाखवावी लागते. बचत रुपयांत मोजली जाते, त्यामुळे महावितरणचा किंवा जो वीजपुरवठादार असेल त्याचा लागू दर मॉडेलमध्ये नीट भरलेला हवा.

एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. हे किमान ५ टक्के सोलर जमेस न धरता यायला हवेत. गच्चीभर पॅनेल लावून कमकुवत काच आणि जुनाट चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) झाकता येत नाही. हा नियम मला मनापासून पटतो. वीज तयार करण्याआधी ती वाया जाणं थांबलं पाहिजे.

मॉडेलच्या अहवालात तपासनीस आणखी एक आकडा हमखास पाहतात: वर्षातले किती तास एसीला ठरलेलं तापमान गाठता आलं नाही. दोन्ही मॉडेलमध्ये हे तास ३०० च्या आत हवेत. त्याहून जास्त असले तर बचत कागदावरच राहते, कारण माणसं घामाघूम होऊन बसलेली असतात.

तिसरी अट मीटरिंगची. वीज, डिझेल जनरेटर, गॅस अशा प्रत्येक स्रोताचा इमारतीचा एकूण वापर मोजता आला पाहिजे आणि किमान महिन्याला एकदा त्याची नोंद झाली पाहिजे. नोंद हाताने केली तरी चालते. ही आकडेवारी पाच वर्षं प्रमाणन संस्थेला देण्याची लेखी हमी द्यावी लागते. जनरेटरच्या डिझेलची नोंद बहुतेक ठिकाणी सुटते. टाकीवर फ्लो मीटर नसेल तर निदान भरणा आणि साठ्याचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून ठेवा.

चौथी अट रेफ्रिजरंटची, म्हणजे एसीतल्या थंडावा देणाऱ्या वायूची: ओझोन थराला घातक असलेला सीएफसी वायू वापरणारी यंत्रणा नको. नव्या इमारतीत ही सहज पार पडते.

कमिशनिंग म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे साइटवर ‘कमिशनिंग झालं’ याचा अर्थ बहुधा ‘कंपनीचा माणूस येऊन यंत्र सुरू करून गेला’ असा असतो. लीडला अपेक्षित असलेलं काम याहून बरंच मोठं आहे. मालकाला काय हवं होतं, डिझाइनरने काय आखलं, कॉन्ट्रॅक्टरने काय बसवलं आणि यंत्रणा प्रत्यक्षात काय करते, या चारही गोष्टी एकमेकींशी जुळतात का, हे मालकाच्या वतीने कुणीतरी तपासून लिहून द्यायचं. एसी आणि हवाखेळती यंत्रणा, गरम पाणी आणि पंप, वीज व दिवे आणि त्यांची नियंत्रणं, तसंच सोलरसारखी साधनं, हे सगळं यात येतं. बाहेरच्या भिंती आणि काचांबद्दलच्या अपेक्षाही लेखी मांडाव्या लागतात.

हे काम करणारी व्यक्ती म्हणजे कमिशनिंग अथॉरिटी. तिच्या पात्रतेच्या अटी कडक आहेत. अशाच आवाक्याच्या किमान दोन इमारतींवर कमिशनिंग केल्याचा लेखी पुरावा हवा. ती मालकाची पात्र कर्मचारी असू शकते किंवा स्वतंत्र सल्लागार. डिझाइन अथवा बांधकाम कंपनीतली व्यक्ती घ्यायची असेल, तर तिचा याच प्रकल्पाच्या कामाशी संबंध नसावा. २०,००० चौरस फुटांखालच्या इमारतीला या बाबतीत सवलत आहे. तिथे प्रकल्पाच्या चमूतली पात्र व्यक्तीही चालते. मात्र कोणत्याही परिस्थितीत अहवाल थेट मालकाकडे जायला हवा. एसी कॉन्ट्रॅक्टरमार्फत फिरून आलेला अहवाल धरला जात नाही.

तिची नेमणूक डिझाइन डेव्हलपमेंटचा, म्हणजे आराखडे तपशीलवार पक्के करण्याचा, टप्पा संपेपर्यंत झाली पाहिजे. फाइल इथेच बिघडते. अनेक प्रकल्पांत हँडओव्हरला दोन महिने उरले की कमिशनिंग अथॉरिटीचा शोध सुरू होतो. तोवर डिझाइन तपासण्याची वेळ निघून गेलेली असते, टेंडरमध्ये चाचण्यांचा उल्लेख नसतो आणि कॉन्ट्रॅक्टर चाचणीसाठी माणसं द्यायला वेगळे पैसे मागतो. त्याचंही चुकत नाही, कारण बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या यादीत, ते काम कधी लिहिलेलंच नव्हतं.

कागदपत्रं, ज्या क्रमाने ती तयार व्हायला हवीत

सगळ्यात आधी मालकाच्या अपेक्षांचा दस्तऐवज. याला सगळे ‘ओपीआर’ म्हणतात. तो मालकाचा असतो आणि त्यात आकडे हवेत. ‘एसी कार्यक्षम असावा’ हे वाक्य कुणालाच तपासता येत नाही. ‘कॉन्फरन्स रूममध्ये वीस माणसं, तापमान २४ अंश, एक अंश इकडे-तिकडे, आर्द्रता ६० टक्क्यांखाली, वापर सकाळी ९ ते रात्री ८, शनिवारी फक्त दोन मजले चालू’ हे तपासता येतं. यावर डिझाइनर उत्तर देतो तो ‘बीओडी’, म्हणजे या अपेक्षा पुऱ्या करण्यासाठी कोणत्या गृहीतकांवर कोणती यंत्रणा निवडली त्याची नोंद. दोन्हींवर तारीख आणि आवृत्ती क्रमांक टाका. बदल होतच राहतात आणि ते दिसले पाहिजेत.

त्यानंतर डिझाइन तपासणीचे शेरे व त्यांची उत्तरं, कमिशनिंगचा आराखडा, टेंडरमध्ये घातलेल्या कमिशनिंगच्या अटी, बांधकामादरम्यानच्या चेकलिस्ट, प्रत्येक यंत्रणेच्या चाचणीची पद्धत आणि सह्यांसह निकाल. शिवाय ‘इश्यू लॉग’, ज्यात दोष, त्याची जबाबदारी आणि तो मिटल्याची तारीख असते. शेवटी अंतिम अहवाल. इश्यू लॉग कोरा असेल तर तो चांगला दिसतो असा गैरसमज आहे. मोठ्या इमारतीत एकही दोष सापडला नाही, तर चाचणी झाली का, हीच शंका येते.

चाचणी म्हणजे काय हे एका एएचयूवर, म्हणजे थंड हवा खेळवणाऱ्या यंत्रावर, पाहा. चेकलिस्टवर सगळ्या खुणा आहेत: फिल्टर बसले, बेल्ट ताणलेला, व्हीएफडी (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं साधन) चालू. आता कमिशनिंग अथॉरिटी त्या भागाचा सेटपॉइंट, म्हणजे ठरवलेलं तापमान, २४ वरून २७ वर नेते आणि थांबते. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हळूहळू मिटायला हवा, पंख्याचा वेग उतरायला हवा. बीएमएसच्या (इमारतीच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेच्या) पडद्यावर व्हॉल्व्ह शून्य टक्के दिसतो, पण कॉइलनंतरच्या हवेत धरलेला थर्मामीटर १४ अंशांवरून हलत नाही. म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारी मोटर, ॲक्चुएटर, फिरतो, पण व्हॉल्व्हची दांडी त्याच्याबरोबर फिरत नाही. व्हीएफडीच्या पॅनेलवर पाहावं तर तो ‘हँड’वर (हाताने चालवण्याच्या स्थितीत), ५० हर्ट्झला, म्हणजे पूर्ण वेगाला. सुरू करायच्या दिवशी कुणीतरी तसा ठेवला आणि तो तसाच राहिला. ऊर्जा मॉडेलमध्ये ज्या व्हीएफडीची बचत धरली, तो दिवसरात्र पूर्ण वेगाने पळतोय. दोन्ही दोष मिटवायला फारसा वेळ लागत नाही, पण न सापडले तर वर्षानुवर्षं बिलात बसतात.

फाइलमधला शेवटचा कागद इमारत चालवणाऱ्यांसाठी असतो. यंत्रणांचं वर्णन, त्या कोणत्या क्रमाने चालू-बंद होतात, वेळापत्रकं, सेटपॉइंट, उजेडाची पातळी, ताज्या हवेचं किमान प्रमाण, ऋतूनुसार बदल आणि देखभालीचं नियोजन त्यात हवं. तो सोप्या भाषेत लिहा. रात्रपाळीच्या ऑपरेटरला वाचता येईल असा मराठी तर्जुमा पॅनेल रूममध्ये लावायला कुठलाच नियम आड येत नाही.

जादा गुण हवे असतील तर

सुधारित कमिशनिंगला सहापर्यंत गुण आहेत. त्यात कॉन्ट्रॅक्टरच्या सबमिटलची (बसवायच्या यंत्रांच्या तपशिलाच्या कागदांची) तपासणी, ऑपरेटरांचं प्रशिक्षण, ऋतूनुसार चाचण्या आणि काम पूर्ण झाल्यावर दहा महिन्यांनी इमारतीचा पुन्हा आढावा येतो. ऋतूनुसार चाचणीचं महत्त्व आपल्या हवेत जास्त आहे. नागपुरात जानेवारीत घेतलेली चिलरची चाचणी मे महिन्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि मुंबईत यंत्रणा आर्द्रता काढते का, हे जुलैतच कळतं. या गुणांसाठी कमिशनिंग अथॉरिटी प्रकल्पापासून स्वतंत्र असण्याची अटही जास्त कडक आहे.

अर्ज कसा पुढे सरकतो

नोंदणी ऑनलाइन होते आणि तिचं शुल्क ठरलेलं असतं. प्रमाणनाचं शुल्क क्षेत्रफळावर. डिझाइनची कागदपत्रं आधी आणि बांधकामाची नंतर, अशा दोन हप्त्यांत सादर करता येतात. दोन हप्तेच निवडा, कारण ऊर्जा मॉडेलवरचे शेरे काचेची ऑर्डर जाण्याआधी कळलेले बरे. प्रत्येक फेरीला साधारण २० ते २५ कामाचे दिवस लागतात. पहिल्या फेरीनंतर खुलासे मागतात, मग अंतिम निकाल येतो, आणि तो पटला नाही तर शुल्क भरून अपील करता येतं. कमिशनिंगची कागदपत्रं बांधकामाच्या हप्त्यात जातात.

महाराष्ट्रात याचा पैशांशी थेट संबंध आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार, म्हणजे मुंबई महापालिका आणि काही विशेष प्राधिकरणांची क्षेत्रं वगळता, हरित इमारतीला मूळ एफएसआयवर वाढीव एफएसआय मिळतो: सिल्व्हर किंवा ग्रिहा या भारतीय मानांकनाच्या तीन ताऱ्यांना ३ टक्के, गोल्ड किंवा चार ताऱ्यांना ५, प्लॅटिनम किंवा पाच ताऱ्यांना ७. तो पूर्व-प्रमाणपत्रावर मिळतो, म्हणजे इमारत उभी राहण्याआधी. भोगवट्याच्या वेळी कबूल केलेली श्रेणी गाठली नाही, तर कमी पडलेल्या वाढीव एफएसआयवर रेडी रेकनरच्या जमीनदराच्या दुप्पट दंड आहे. हा लाभ घेणाऱ्या बिल्डरने तरी कमिशनिंगची फाइल पूर्व-प्रमाणपत्राच्या दिवशीच उघडावी.

लीडऐवजी दुसरी पद्धत निवडली तरी हे काम टळत नाही. सीआयआय या उद्योगसंघटनेच्या आयजीबीसी या हरित इमारत संस्थेच्या नव्या इमारतींच्या मानांकनात कमिशनिंगचा आराखडा अनिवार्य आहे आणि प्रत्यक्ष कमिशनिंगला वेगळे गुण आहेत. ग्रिहाच्या मुख्य मानांकनासाठी २,५०० चौरस मीटरहून मोठी इमारत लागते; त्याहून लहानांसाठी स्वग्रिहा हे वेगळं मानांकन आहे. ग्रिहाचं प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी असतं, पुढे नूतनीकरण करावं लागतं. आणि प्रमाणपत्र घ्या वा न घ्या, १०० किलोवॉट किंवा जास्त जोडभार अथवा १२० केव्हीए किंवा जास्त करारमागणीच्या व्यापारी इमारती ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या कक्षेत येतात. त्या इमारतींनी प्लॅन मंजुरीला जाण्याआधी स्थानिक कार्यालयात किंवा महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या पुण्यातल्या कार्यालयात सध्या लागू असलेल्या अटी विचारून घ्याव्यात.