शिंगराला लस टोचायची घाई नको

घोडी जवळपास 11 महिने पोटात वाढवते ते शिंगरू जन्मल्यावर तासाभरात धडपडत उभं राहतं. पाय तयार, डोळे उघडे. पण रक्त तपासलं तर त्यात रोगजंतूंना अडवणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) जवळजवळ नसतातच. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं वारेतून आधीच मिळालेली असतात. घोडीच्या वारेत मात्र आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे सहा थर असतात आणि प्रतिपिंडासारखा मोठा रेणू ते ओलांडू शकत नाही.

त्यामुळे सगळी भिस्त चिकावर. व्यायच्या आधीचे दोन-चार आठवडे घोडी आपल्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत साठवत असते. शिंगराच्या आतड्यातल्या पेशी हे रेणू न पचवता, जसेच्या तसे उचलून रक्तात सोडतात. पण ही सोय फार थोडा वेळ टिकते. पहिले 6 ते 8 तास काम जोरात चालतं, मग झपाट्याने मंदावतं आणि 24 तासांत थांबतं. त्यानंतर पाजलेला चीक पोट भरतो, रक्तात प्रतिपिंडं घालत नाही.

म्हणूनच घोडी व्याली की जाणता माणूस घड्याळ बघतो: तासाभरात शिंगरू उभं राहायला हवं, दोन तासांत प्यायला हवं, तीन तासांत वार पडायला हवी. काही घोड्यांच्या सडांतून व्यायच्या आधीच चीक गळू लागतो. नवख्या मालकाला ते भरपूर दूध असल्याचं लक्षण वाटतं. खरं तर शिंगराच्या वाट्याची प्रतिपिंडं जमिनीवर सांडत असतात. अशा वेळी रक्त तपासून घ्यावं. रक्तद्रवात डेसिलिटरमागे 800 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडं असली की निर्धास्त. 400 च्या खाली असली तर आईकडून काही मिळालंच नाही असं समजून शिरेतून प्लाझ्मा द्यावा लागतो. (गंमत म्हणजे असं रिकाम्या हाताने जन्मणारं हे जनावर मोठेपणी प्रतिपिंडांचा कारखानाच होतं. सर्पदंशावर आपल्याला जे इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तातूनच बनतं. मुंबईची हाफकिन त्यासाठी प्रसिद्ध आहे.)

इथपर्यंत आईचं देणं म्हणजे निव्वळ फायदा. पेच पुढे आहे. घोड्यांचा इन्फ्लुएंझा घ्या. गाभण घोडीला व्यायच्या 4 ते 6 आठवडे आधी बूस्टर देतात, म्हणजे चिकात फ्लूविरोधी प्रतिपिंडं भरपूर उतरतात. ती शिंगराला सांभाळतातच, पण शिंगराला टोचलेल्या लसीतल्या विषाणूच्या तुकड्यांनाही तीच आधी जाऊन चिकटतात. त्यामुळे शिंगराच्या बी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना, ते तुकडे नीट दिसत नाहीत, आणि ‘बंदोबस्त झालाय, आता थांबा’ असा निरोपही मिळतो. लस टोचली जाते, वहीत नोंद होते, शिंगराची स्वतःची प्रतिकारशक्ती मात्र तयार होत नाही. काही अभ्यासांत तर अशी लवकर टोचलेली शिंगरं पुढच्या डोसांनाही थंड प्रतिसाद देताना दिसली. आपल्याकडे गोवराची लस बाळाला 9 महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्यामागेही आईच्या प्रतिपिंडांचा हाच अडथळा आहे.

मग थांबायचं किती? आईकडून आलेली प्रतिपिंडं साधारण दर महिन्याला निम्मी होतात. सहा महिन्यांत सहा वेळा निम्मी, म्हणजे सुरुवातीच्या चौसष्टाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून लस घेतलेल्या घोडीच्या शिंगराला फ्लूचा पहिला डोस 6 महिन्यांच्या आधी देत नाहीत. दुसरा त्यानंतर 4 ते 6 आठवड्यांनी, तिसरा 10 ते 12 महिन्यांच्या वयात. अडचणीचा काळ त्याच्या थोडा आधीचा: तेव्हा प्रतिपिंडं रोग रोखायला कमी पडतात, पण लस अडवायला पुरतात. या फटीवर टोचण्याचा इलाज नाही. शिंगरू परक्या घोड्यांपासून लांब ठेवणं, एवढंच हातात असतं.

आणि लांब ठेवणं किती गरजेचं, हे जून 2008 मध्ये कटऱ्याला दिसलं. वैष्णोदेवीच्या वाटेवर यात्रेकरू वाहणाऱ्या तट्टू-खेचरांत फ्लूची साथ उठली आणि तिथून अनेक राज्यांत पसरली. देशातली याआधीची मोठी साथ 1987 ची. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने पुढे कटऱ्याचाच विषाणू घेऊन लस अद्ययावत केली. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात परराज्यांतले घोडे शेजारी शेजारी बांधले जातात. तिथे चार महिन्यांचं शिंगरू मिरवायला आणणं मला तरी धाडसाचं वाटतं.

घोड्यांच्या हर्पिसचा हिशेब निराळा. हा विषाणू घोडीच्या शरीरात दबून राहतो आणि शिंगराला पहिल्या काही आठवड्यांतच, आईची प्रतिपिंडं असतानाही, गाठू शकतो. गर्भपात टळावा म्हणून घोडीला गाभणपणाच्या 5, 7 आणि 9 व्या महिन्यात लस देतात. शिंगराला 4 ते 6 महिन्यांच्या दरम्यान सुरुवात करतात.

राहिला प्रश्न विकत घेतलेल्या शिंगराचा, ज्याच्या आईला फ्लूची लस दिली होती की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. दिली होती असं धरून 6 महिन्यांनी सुरू करणं बरं. आसपास साथच असेल तर पशुवैद्य आधीही एक डोस देतात, पण तो मोजणीत धरत नाहीत. 6 महिन्यांनंतरचे तिन्ही डोस द्यावेच लागतात.