ध्रुवीय समुद्री बर्फ व हवेतील आर्द्रता

आर्क्टिक महासागरात आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिणी महासागरात खारे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते व त्याचा तरंगता थर तयार होतो. त्यास ध्रुवीय समुद्री बर्फ म्हणतात. जमिनीवरच्या हिमनद्या व त्यांच्यापासून समुद्रात पुढे आलेले हिममंच यांहून हा बर्फ वेगळा आहे. सपाट भागात त्याची जाडी बहुधा अर्धा ते तीन मीटर एवढीच असते, आणि त्यामुळे वरच्या हवेत किंवा खालच्या पाण्यात झालेला थोडासा बदलही त्याच्या वाढ-घटीचा हिशेब बदलतो. या हिशेबात तापमान, वारा व सागरी प्रवाह यांच्या जोडीने हवेतील आर्द्रतेचा, म्हणजे बाष्प, ढग, हिमवर्षाव व पाऊस या तिच्या सर्व रूपांचा, मोठा वाटा आहे. हा वाटा नेहमी एकाच बाजूचा नसतो. एका ऋतूत बर्फाची वाढ रोखणारी आर्द्रता दुसऱ्या ऋतूत त्याचे रक्षण करते, म्हणून ध्रुवाकडे किती बाष्प आले याइतकेच ते केव्हा आणि कोणत्या रूपात आले हे पाहावे लागते.

थंड हवेत बाष्प फार थोडे मावते. हिवाळ्यात मध्य आर्क्टिकवरील हवेच्या संपूर्ण स्तंभातले बाष्प गोठवून खाली उतरवले, तर त्याचे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पाणी होईल. विषुववृत्ताजवळ हेच प्रमाण ५० मिलिमीटरांच्या आसपास असते. तरीही ध्रुवीय हवेला सरसकट कोरडी म्हणणे बरोबर नाही, कारण तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पाच्या मानाने प्रत्यक्ष असलेले बाष्प, बहुतेक वेळा संपृक्ततेच्या (आणखी बाष्प न मावण्याच्या स्थितीच्या) जवळ असते. त्यातच बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा संपृक्त होताना बाष्पाचा असणारा दाब, पाण्यावरच्यापेक्षा कमी असतो (उणे २० अंशांना पाण्यावर सुमारे १.२५ हेक्टोपास्कल, तर बर्फावर सुमारे १.०३). त्यामुळे द्रव थेंबांच्या दृष्टीने असंपृक्त असलेली हवाही बर्फावर तुहिनाच्या (बाष्पापासून थेट बनणाऱ्या हिमकणांच्या) रूपाने बाष्प टाकू शकते. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्पधारणक्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते.

आर्द्रतेचा बर्फावरील सर्वांत प्रभावी परिणाम प्रारणाच्या, म्हणजे किरणांच्या रूपाने होणाऱ्या उष्णतेच्या देवाणघेवाणीच्या, मार्गाने होतो. ध्रुवीय रात्रीत सूर्य नसतो, बर्फाचा पृष्ठभाग अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, उष्णता वाहणारे) प्रारण बाहेर टाकत थंड होत जातो आणि त्या थंडीमुळेच खालचे पाणी गोठून बर्फ जाड होतो. बाष्प हा निसर्गतः सर्वांत प्रबळ हरितगृह वायू आहे. तो हे प्रारण शोषतो व त्याचा काही भाग परत खाली पाठवतो. अतिशय कोरड्या हवेत अवरक्त पट्ट्यातील लांब तरंगलांबीची, म्हणजे दूर-अवरक्त प्रारणाची, वाट अर्धवट मोकळी राहिलेली असते आणि बाष्पात किंचित भर पडली तरी ती झाकली जाऊ लागते. उष्ण कटिबंधातील दमट हवेत ही वाट आधीच बंद असल्याने तेवढ्याच भरीचा तेथे इतका परिणाम होत नाही. दूर-अवरक्त प्रारणाची ध्रुवांवरील मोजमापे दीर्घकाळ अपुरी होती. ती घेण्यासाठी नासाने २०२४ मध्ये ‘प्रीफायर’ मोहिमेचे दोन छोटे उपग्रह सोडले.

बाष्पापेक्षाही त्यापासून बनणाऱ्या ढगांचे काम अधिक ठळक आहे. आर्क्टिकमधील कमी उंचीवरच्या ढगांत उणे २० अंशांच्या खालीही अतिशीतित (गोठणबिंदूखालीही द्रव राहिलेल्या) पाण्याचे थेंब टिकून राहतात, आणि असे ढग खालच्या बर्फासाठी जवळजवळ पूर्ण आच्छादनासारखे वागतात. ‘शीबा’ या प्रयोगात कॅनडाचे ‘दे ग्रोझेलिये’ हे बर्फफोडे जहाज ऑक्टोबर १९९७ पासून वर्षभर ब्यूफोर्ट समुद्राच्या बर्फात गोठवून ठेवले होते. तेथील नोंदींतून दिसले की हिवाळी वातावरण बहुधा दोनच अवस्थांत असते: आकाश निरभ्र असताना पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४० वॉट उष्णता गमावतो आणि द्रव थेंबांचे ढग आले की हे नुकसान शून्याजवळ येते. या आकड्यांचे महत्त्व साध्या गणिताने कळते. दर चौरस मीटरला १० वॉट एवढी जादा उष्णता महिनाभर मिळत राहिली व ती सगळी बर्फाच्याच वाट्याला आली, तर सुमारे साडेआठ सेंटिमीटर जाडीचा बर्फ वितळतो.

हे बाष्प ध्रुवाकडे संथपणे झिरपत येत नाही. त्यातले पुष्कळसे थोड्या दिवसांच्या, अरुंद पण लांबलचक लोटांतून येते. अशा पट्ट्यांना वातावरणीय नद्या म्हणतात. आर्क्टिकमध्ये त्यांचा मुख्य मार्ग उत्तर अटलांटिक, नॉर्वेजियन समुद्र व बॅरेंट्स समुद्र यांवरून जातो. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस एका प्रबळ वादळाबरोबर आलेल्या अशा हवेने भर ध्रुवीय रात्रीत उत्तर ध्रुवाजवळील तापमान काही काळ शून्य अंशाच्या आसपास नेले. जर्मनीचे ‘पोलारस्टर्न’ हे जहाज सप्टेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२० या काळात ‘मोझाइक’ मोहिमेसाठी बर्फाबरोबर वाहत होते. एप्रिल २०२० च्या मध्यास त्यावरील संशोधकांनाही अशा दमट हवेचे आगमन व त्यासोबतची तीव्र तापमानवाढ प्रत्यक्ष मोजता आली. एकेक घटना काही दिवसांत ओसरते, पण बॅरेंट्स व कारा समुद्रांत हिवाळ्याच्या आरंभी अशा घटना वारंवार आल्या तर नवा, पातळ बर्फ पसरण्याचा वेगच मंदावतो. येथे बाष्प व वारा यांचे परिणाम वेगळे काढणे कठीण असते, कारण तेच वारे बर्फाची कड उत्तरेकडे ढकलतही असतात.

दमट हवा बर्फावर सुप्त उष्णताही, म्हणजे बाष्पाचे पाणी होताना (सांद्रीभवनात) मोकळी होणारी उष्णता, सोडते. एक किलोग्रॅम बाष्पाचे वितळत्या बर्फाच्या पृष्ठभागावर सांद्रीभवन झाले, तर मोकळ्या होणाऱ्या उष्णतेत सुमारे साडेसात किलोग्रॅम बर्फ वितळू शकतो. मात्र बहुतेक सांद्रीभवन वर ढगांत होते, त्यामुळे पृष्ठभागाच्या हिशेबात हा थेट मार्ग प्रारणाहून सहसा दुय्यम ठरतो.

आर्द्रतेच्या चर्चेत हिमवर्षावाकडे पुरेसे लक्ष जात नाही, हे खेदजनक आहे. भुसभुशीत हिमाची उष्णतावाहकता बर्फाच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी असते. शरद ऋतूत कोवळ्या बर्फावर लवकर व भरपूर हिम पडले, तर ते दुलईसारखे काम करते, समुद्राची उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि बर्फ पातळच राहतो. तेच हिम वसंतात पडले तर ताज्या थराने ८० टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परावर्तित होतो व वितळणे लांबते. उघडा बर्फ याहून बराच कमी, वितळलेल्या पाण्याची डबकी त्याहूनही कमी, आणि मोकळा समुद्र तर फक्त ६ ते ७ टक्के प्रकाश परत पाठवतो. म्हणून हिमाऐवजी पाऊस पडणे फार नुकसानकारक असते, कारण पावसाने हिम ओले व गडद होते आणि डबकी लवकर साचतात.

ढगांची गोष्टही अशीच ऋतूवर अवलंबून आहे. वसंतात, सूर्य अजून खाली असताना, दमट व ढगाळ हवा वितळण्याचा आरंभ अलीकडे आणते. भर उन्हाळ्यात मात्र ढग सूर्यप्रकाश अडवतात. २००७ च्या उन्हाळ्यात पश्चिम आर्क्टिकवरील आकाश नेहमीपेक्षा अधिक निरभ्र राहिले आणि त्या वर्षीच्या विक्रमी बर्फघटीला त्याचाही हातभार लागला.

बर्फ स्वतःही हवेतील आर्द्रता ठरवतो. तो समुद्रावरचे झाकण आहे, आणि हिवाळ्यात त्याला भेग पडली की उणे ३० अंशांच्या हवेखाली उणे १.८ अंशांचे पाणी उघडे होऊन त्यावरून धुरासारखे दाट धुके उठते. आर्क्टिकमध्ये उन्हाळ्याअखेर मोकळ्या पाण्याचे क्षेत्र वाढल्यामुळे शरदात बाष्पीभवन वाढते, कमी उंचीवरचे ढग दाटतात व गोठण्याची प्रक्रिया पुढे ढकलली जाते. बर्फ कमी झाल्याने बाष्प वाढते आणि बाष्पाने पुन्हा बर्फ उशिरा धरतो.

अंटार्क्टिकाभोवती चित्र वेगळे आहे. तेथील बर्फावर हिम इतके साचते की त्याच्या भाराने बर्फाचा पृष्ठभाग समुद्रपातळीखाली दबतो, पाणी हिमात शिरते व गोठून ‘हिम-बर्फ’ तयार होतो. म्हणजे आर्क्टिकमध्ये वाढ रोखणारे हिम येथे बर्फाच्या वरच्या बाजूने भरही घालते. वातावरणीय नद्या येथेही पोहोचतात. मार्च २०२२ मध्ये पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरील कॉनकॉर्डिया केंद्राचे तापमान अशाच एका लोटामुळे सरासरीहून जवळजवळ ४० अंशांनी चढले. त्याच सुमारास किनाऱ्यावरचा काँगर हिममंच कोसळला, पण ती हिममंचाची घटना असल्याने तिची गणना समुद्री बर्फात करू नये. वेडेल समुद्रात सप्टेंबर २०१७ मध्ये भर हिवाळी बर्फात हजारो चौरस किलोमीटरचे मोकळे पाणी उघडे पडले. मॉड राइज या सागरतळावरील उंचवट्याभोवती वर येणारे उबदार पाणी व प्रबळ वादळे ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात, आणि त्या दिवसांत उत्तरेकडून आलेल्या दमट हवेनेही बर्फ पातळ होण्यास मदत केली असावी असे काही अभ्यासांतून पुढे आले आहे.